म्हातारीचं खाणं

सिस्टरला कुणी बोलावलं नव्हतं. तिच्या भावाला, दादाला, मातीत ठेवून सगळे नातेवाईक आपापल्या घरी परतले, तशी तीही परतली होती. पण पुढे फोनवर वहिनीचा आवाज दर वेळी आणखी बारीक येऊ लागला. मग तो 'हं' आणि 'बरंय' एवढ्यावर आला आणि एका सकाळी तर पलीकडून काहीच आलं नाही. सिस्टरने बॅग भरली. सगळी नोकरी इस्पितळाच्या वॉर्डांत काढून ती नुकतीच निवृत्त झाली होती. तिचं खरं नाव आता फक्त कागदोपत्री उरलं होतं. सख्खा भाऊसुद्धा चारचौघांत तिला सिस्टरच म्हणायचा.

दादाची बेकरी होती. पुढे दुकान, मधे भट्टीची खोली, मागे दोन खोल्यांचं घर. सिस्टर पोचली तेव्हा दुकानाचं शटर खाली होतं, भट्टी गार पडली होती आणि वहिनी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती. केसांना कित्येक दिवसांत फणी लागलेली नाही, खिडकी बंद, उशाशी चहाचे कप आणि प्रत्येकावर सुरकुतलेली साय. सिस्टरने आयुष्यात हे इतक्या खाटांवर पाहिलं होतं की तिला भीती वाटली नाही. निदान तिने स्वतःला तसं बजावलं.

"वहिनी, मी आलेय."

"या, वन्सं," वहिनी भिंतीला म्हणाली.

आता सिस्टरचं याबाबतीत एक ठाम मत होतं, आणि तिची मतं ठामच असायची, मऊ मत तिच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. माणूस खचला की त्याच्या मनाच्या मागे लागायचं नाही. मन हट्टी असतं, विचारायला गेलं की आणखी आत जाऊन बसतं. त्यापेक्षा पोट, पाणी, झोप आणि पाय या चौघांना कामाला लावायचं. बाकीचे हलताहेत म्हटल्यावर मनालाही एकट्याने बसवत नाही. आणि या सगळ्याच्या आधी सकाळी दोन ओळींची प्रार्थना करायची. दोनच, कारण तिच्या मते देवाला सगळं ठाऊक असतं, त्याला पाल्हाळ लावून सांगणं म्हणजे मोठ्या डॉक्टरांना ताप म्हणजे काय ते समजावण्यासारखं होतं.

तर दुसऱ्याच दिवसापासून त्या घरात वॉर्ड सुरू झाला. उजाडलं की खिडकी उघडायची. वहिनीच्या हातात पाण्याचा पेला द्यायचा आणि तो रिकामा होईपर्यंत समोरून हलायचं नाही. मग वेणी, मग गल्लीच्या टोकाला असलेल्या चर्चच्या फाटकापर्यंत चालत जाऊन परत यायचं. मग न्याहारी, मग मागच्या पायरीवर उन्हात बसायचं. दुपारी झोपायचं नाही, रात्री जागायचं नाही. वहिनी सगळं करायची. 'चला' म्हटलं की चालायची, 'बसा' म्हटलं की बसायची. सिस्टरला खरं तर हेच खटकत होतं. भांडणारा पेशंट बरा होतो, निमूट पेशंटची तिला धास्ती वाटायची.

"भूक लागली का?" ती प्रत्येक जेवणाआधी विचारायची.

"तुम्ही म्हणाल तसं," वहिनी म्हणायची.

चालून येताना बेकरीला लागून असलेल्या दुकानाशी दोघी क्षणभर थांबायच्या. तिथे घड्याळजी बसायचा. जाड कोट, गळ्याभोवती मफलर, एका डोळ्यात भिंग. बाहेर लोक बाह्या वर करून हिंडायचे आणि हा मात्र थंडीने गारठल्यासारखा. त्याचं आणि बेकरीचं एका भिंतीचं नातं होतं. भिंतीच्या त्या बाजूला भट्टी होती, त्यामुळे याच्या पाठीला इतकी वर्षं फुकटची ऊब मिळत आली होती. भट्टी विझली तसं याचं दुकान गोठलं. पण एका शब्दाने तो कधी बोलला नाही. वहिनी दिसली की मफलर पटकन काढून मांडीखाली दडवायचा आणि म्हणायचा, "आज बरं उकडतंय, नाही?" सिस्टरने पहिल्याच दिवशी हे ओळखलं आणि मनातल्या मनात त्याला माणसांत जमा केलं.

एकदा पायरीवर उन्हात बसल्या असताना वहिनी आपणहून बोलली.

"वन्सं, तुम्ही एवढं करताय. पण मला प्रार्थनासुद्धा होत नाही. डोळे मिटले की नुसता अंधार दिसतो. देवाला काय वाटत असेल?"

सिस्टरने सोलता सोलता हातातली शेंग खाली ठेवली. "एलीयाचं आठवतं का तुला? एवढा मोठा संदेष्टा. आकाशातून आग उतरवली त्याने. आणि दुसऱ्या दिवशी रानात जाऊन झुडपाखाली आडवा पडला. म्हणाला, पुरे झालं प्रभू, आता मला ने. मग देवानं काय केलं? कान उपटला? तुझा विश्वास कुठं गेला म्हणून विचारलं? काही नाही. देवदूत पाठवला. त्या देवदूतानं निखाऱ्यांवर भाकर भाजली, उशाशी पाणी ठेवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. खाल्लं, तर परत झोपू दिलं. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला घातलं. म्हणाला, वाट लांबची आहे, तुला झेपायची नाही. बोलणं-बिलणं सगळं नंतर, डोंगरावर. आधी खाणं, पाणी अन् झोप. मी नर्स झाले ना, ती या गोष्टीवर."

वहिनीने ती शेंग उचलून सोलली. मग म्हणाली, "त्या देवदूताच्या हाताला चव असेल, वन्सं."

सिस्टरला समजायलाच वेळ लागला. तिचा स्वयंपाक इस्पितळी होता, उकडलेला, बिनतिखटाचा आणि मीठ विचारपूर्वक घातलेला. घरादाराने तो आजवर तोंड दाबून सोसला होता. वहिनीने चेष्टा केली होती! दादा गेल्यापासूनची पहिली चेष्टा, आणि ती चक्क तिच्या तोंडावर. सिस्टर आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन तोंडावर पदर धरून हसली. मग रडली. मग तिच्या अंगात एवढा उत्साह संचारला की तो कुठेतरी वापरल्याशिवाय तिला राहवेना.

इथेच घोळ झाला. उत्साह आला की दुसऱ्या बायका गातात, सिस्टर साफसफाई करायची.

त्या दुपारी तिने स्वयंपाकघर धुऊन काढलं. फडताळं रिकामी केली, डबे उन्हात घातले, फरशी घासली. वरच्या फळीवर मागे, कोपऱ्यात, तिला चिनी मातीची एक लहान बरणी सापडली. तोंडाला फडकं बांधलेलं. फडकं सोडलं तशी सिस्टर दोन पावलं मागे सरली. वर काळपट पाणी तरंगत होतं, खाली राखाडी चिखलासारखं काहीतरी बसलेलं, आणि वास असा की आंबट आणि स्पिरिट एकत्र. जखमा धुताना नाक न मुरडणारी बाई, पण तिचंही नाक मुरडलं. 'बाई गं, काय काय साठवून ठेवलंय,' असं म्हणत तिने ते मोरीत ओतलं, वर उकळतं पाणी सोडलं आणि बरणी आतून बाहेरून अशी घासली की तिच्यात तोंड दिसावं. मग तोच झपाटा घेऊन ती भट्टीच्या खोलीत शिरली. तिथे कणीक मळायची लाकडी काथवट होती, माणूस आत निजेल एवढी लांब, आणि तिच्या कडांना वर्षानुवर्षांचं पीठ वाळून बसलेलं. सिस्टरने नळाखाली बादली लावली आणि नळ फुसफुसून बंद पडला. पाणी गेलं होतं. "आत्ताच जायचं होतं का रे देवा," ती वर बघून करवादली. पाणी काही आलं नाही. तिने काथवट उद्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्याहारी करत होती तेव्हा वहिनी स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरात आली. कुणी उठवलं नव्हतं. स्वतःची वेणी स्वतः घातली होती, जरा तिरकी.

"काल रात्री झोप छान लागली," वहिनी म्हणाली. "पडल्या पडल्या आठवलं, म्हातारीला किती दिवसांत खायला घातलं नाही. बिचारी उपाशी असेल. वन्सं, ती बरणी कुठंय?"

म्हातारी. हे नाव तिने किती वर्षांनी ऐकलं होतं. तिच्या लहानपणी भट्टीच्या खोलीत एक मोठं लाकडी पिंप असायचं, त्यात पांढरंशुभ्र, फुगलेलं, बुडबुडे सोडणारं खमीर. आई रोज त्यातलं थोडं कणकेला लावायची आणि राहिलेल्यात पीठ-पाणी घालायची, की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भरलेलं. आई त्याला म्हातारी म्हणायची. 'म्हातारीचं खाणं झाल्याशिवाय कुणी जेवायचं नाही' हा त्या घरचा नियम होता. आईनंतर दादाने तो पाळला. भट्टी बंद झाल्यावर त्यातलं मूठभर वहिनीने बरणीत काढून ठेवलं होतं, आणि मग तिला स्वतःचंच खाणं आठवेना, तिथे म्हातारीचं काय आठवणार. पण हे सगळं सिस्टरच्या डोक्यात आता आलं. काल तिला दिसला होता तो फक्त घाणेरडा चिखल.

लख्ख बरणी ओट्यावर उपडी घातलेली होती. वहिनीने ती उचलली, आत पाहिलं, हुंगली.

"आणि यातलं?"

"वहिनी, मला वाटलं, सडलंय... वर काळं पाणी होतं..."

"उपाशी राहिली की ती पाणी सोडते," वहिनी शांतपणे म्हणाली. "खायला मिळालं की परत येते." तिने बरणी होती तशी ठेवली, आपल्या खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

त्या दिवसापासून निमूटपणासुद्धा गेला. पेला भरलेला राहू लागला. 'चला' म्हटलं की उत्तर नाही. सिस्टरने माफी मागितली, पुन्हा मागितली, बाजारातून तयार खमिराचं पाकीट आणलं आणि ते दाखवायला गेली तेव्हा वहिनीने तिच्याकडे असं पाहिलं की तिने पाकीट पाठीमागे लपवलं. मेलेल्या नवऱ्याच्या जागी बाजारातून दुसरा आणून उभा करावा, असलाच तो प्रकार होता, हे तिलाही कळलं. सिस्टर आता रोजची प्रार्थना करायला बसली की तिला दोन ओळीही सुचेनात. तिचं स्वतःचं चालणं सुटलं, जेवण सुटलं. ज्या गोष्टी ती जगाला पाजत आली होती त्यातली एकही तिला स्वतःला करवेना.

एका सकाळी ती भट्टीच्या खोलीत गेली, उगीच. खाली जमिनीवर काथवटीला टेकून बसली. आईची काथवट. आई गेली तेव्हा सिस्टर ड्यूटीवर होती. दुसऱ्या कुणाच्या तरी आईचा हात धरून बसली होती. दादा गेला तेव्हा ती गाडीत होती. दोघांपैकी कुणाच्याही हाताला तिचा हात लागला नव्हता, आणि त्या दोघांचे हात ज्या एका गोष्टीत उरले होते ती तिने उकळत्या पाण्याने मोरीत सोडली होती. वॉर्डात माणसं गेली की ती नातेवाइकांना धरायची, चादर सारखी करायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. आता पुढची खाट नव्हती. ती रडायला लागली, आणि थांबायचं कसं हेच तिला आठवेना.

भिंतीपलीकडे घड्याळजीने हातातला चिमटा खाली ठेवला. त्याने ऐकलं, आणि मग कोट सावरत तो मागच्या बाजूला वहिनीच्या खिडकीशी गेला. हळूच टकटक केली.

"वहिनी, भट्टीत कुणीतरी रडतंय. मला वाटलं तुम्हीच. पण तुम्ही तर इथं."

सिस्टरला आधी पावलं ऐकू आली. मग समोर वहिनी दिसली. केस पिंजारलेले, पाय अनवाणी. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्यात ताटली. ताटलीत सिस्टरनेच सकाळी उकडून ठेवलेला बटाटा, पण त्यावर मीठ-मिरपूड होती आणि कडेला लोणी. वहिनी समोर उकिडवी बसली. तिने पेला सिस्टरच्या ओठांशी धरला, इतक्या लोकांना जसा सिस्टरने धरला होता, अगदी तसाच.

"उठा वन्सं," ती म्हणाली. "थोडं खाऊन घ्या."

सिस्टरने पेल्यातून घोट घेतला. किती वर्षं ती एलीयाची गोष्ट सांगत आली होती, आणि प्रत्येक वेळी त्यात ती देवदूत होती. झुडपाखाली पडलेल्या माणसाच्या जागी आपल्याला कधी बसावं लागेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिने बटाटा खाल्ला. खाता खाता रडली, रडता रडता खाल्ला. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या हातात जीव होता.

"मी तुझी म्हातारी मारली गं."

"पुरे आता. मीच तिला उपाशी ठेवली होती. तुम्ही काय, नुसतं ताट उचललंत." वहिनी तिच्या शेजारी टेकून बसली आणि सवयीने तिचा हात काथवटीच्या कडेवर गेला. बोटं लाकडावरून फिरली. एका खाचेशी थांबली. नखाने तिने काहीतरी टोकरलं आणि तळहातावर घेतलं. पापुद्र्यासारखा वाळलेला, पिवळट तुकडा.

"वन्सं, काथवट तुम्ही धुतली नाहीत?"

"धुणार होते. बादलीसुद्धा लावली होती. ऐन वेळी पाणी गेलं." सिस्टर नाक पुसत म्हणाली. "देवाला बोलले मी त्यावरून."

वहिनीने तुकडा असलेला तळहात उजेडाकडे धरला. "सासूबाई काथवटीला पाणी लावू द्यायच्या नाहीत. नुसती खरवडायची. नव्या सुनेला पहिला धडा हाच. मला वाटायचं, काय हे खूळ." तिने तळहात तोंडाजवळ नेऊन हुंगला, डोळे मिटून. "यात ती आहे, वन्सं. मेली नसेल. निजली असेल."

हेच शब्द शास्त्रात प्रभूने एका घरात म्हटले होते, मेली म्हणून सगळे रडत होते त्या लहान मुलीच्या उशाशी, आणि तिथली माणसं त्याला हसली होती; मुलगी मात्र उठून बसली होती. सिस्टरला ते आठवलं. ती हसली नाही. ती उठली आणि चमचा शोधायला गेली.

दोघींनी मिळून खाचाखाचांतून चिमटीभर, चिमटीभर काढलं. एकूण जेमतेम एक चमचा, कोंड्यासारखं. तीच लख्ख बरणी आणली. पाणी किती कोमट असावं यावर वहिनी अडली तेव्हा सिस्टरने बाही वर केली आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहिला, तान्ह्या बाळाच्या दुधाला बघतात तसा. त्या घरात तिच्या विद्येचा खरा उपयोग तेव्हा झाला. वर चमचाभर पीठ, तोंडाला फडकं. आता प्रश्न उबेचा. भट्टी गार, घरही गार. घड्याळजी दारात उभाच होता. काही लागलं तर, असं म्हणत तो मघापासून घुटमळत होता.

"माझा दिवा आहे ना," तो म्हणाला. "कामाचा. दिवसभर चालू असतो. त्याखाली ठेवा. मीही तिथंच बसतो ऊब घ्यायला." आणि मग जीभ चावली, कारण ऊब लागते हे त्याला सांगायचं नव्हतं.

त्यामुळे म्हातारी घड्याळजीच्या मेजावर गेली, उघड्या पडलेल्या घड्याळांच्या आणि बारीक चाकांच्या मधे. दोघींचा दिवस तिच्याभोवती लागला. उजाडलं की उठायचं, कारण तिची वेळ चुकवायची नाही. पाणी प्यायचं. चर्चच्या फाटकापर्यंत चालून यायचं आणि येता येता तिला चमचाभर पीठ, चमचाभर पाणी घालायचं. म्हातारीचं खाणं झालं की मग आपलं, हा जुना नियम वहिनीने परत आणला, आणि खाणं आता वहिनी करत असल्यामुळे त्याला चवही आली. सिस्टरने एकदाही 'चला' म्हटलं नाही, वहिनीच चपला घालून उभी असायची.

पण बरणीत काही होत नव्हतं. रोज तेच, पांढरट, सपाट, मुकं. वास येत होता तो नुसता पिठाचा. सिस्टर रात्री डोळे मिटून म्हणायची, 'प्रभू, तुला मी त्या पाण्यावरून बोलले, ते परत घेते. आता एवढं कर.' वहिनीच्या चेहऱ्याकडे बघायचं तिला धाडस होत नसे. आत्ताच कुठे हा जीव उठून बसला होता. बरणी रिकामीच ठरली तर तो पुन्हा भिंतीकडे वळेल, आणि या वेळी कुणाच्या हाताने परत फिरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वहिनीनेच एकदा वाटेत विषय काढला. "नाही आली, तरी मी उद्या उठेन, वन्सं. घाबरू नका. तुम्हाला सकाळचं कोण बघणार?" सिस्टरला पुढची वाट काही वेळ दिसेना.

त्याच्या नंतरची सकाळ. दोघी फाटकाला हात लावून परत येत होत्या, आणि लांबूनच दिसलं की घड्याळजी पायरीवर उभा आहे. डोळ्यात भिंग तसंच. दोन्ही हातांत बरणी, छातीशी धरलेली. मफलर रस्त्यात लोळतोय आणि त्याला पत्ता नाही.

"काय झालं?" सिस्टरने लांबूनच विचारलं. "फुटली?"

त्याने डोळ्यातलं भिंग काढून वहिनीच्या हातात दिलं.

"बघा तुम्ही. मला वाटलं, माझ्या डोळ्याचा दोष. मी दोनदा पुसलं. श्वास घेतेय ती."

वहिनीने भिंग लावलं, वाकली. मग तिने ते सिस्टरला दिलं. सिस्टरला आधी नुसता पांढरा धूसरपणा दिसला, मग पृष्ठभाग स्थिर झाला, एखादं निर्जन मैदान वरून बघावं तसा. आणि त्या मैदानात एके जागी जमीन हळूहळू वर आली. फुगली, ताणली, पातळ झाली आणि फुटली. मोहरीएवढा बुडबुडा. तो विरतोय तोवर शेजारी दुसरा.

सिस्टरने शेकडो बाळांचा पहिला श्वास पाहिला होता. ड्यूटी म्हणून, घड्याळात बघून वेळ सांगत. पण आता रस्त्यात, लोकांच्या रहदारीत, ती घड्याळजीच्या पायरीवर मटकन बसली. एवढ्याशा वाळक्या पापुद्र्यात हे सगळं दडलेलं होतं. आई होती, दादा होता, आईच्या आधीच्या सगळ्या बायका होत्या. कुणी मागितलं नसताना राखून ठेवलेलं, कुणाच्या तरी नळाचं पाणी अडवून वाचवलेलं. ती काही म्हणायला गेली आणि तिच्या तोंडून फक्त, "प्रभू, प्रभू," एवढंच निघालं. त्या दिवशीची प्रार्थना एका ओळीचीसुद्धा नव्हती.

"अजून अशक्त आहे," वहिनी म्हणाली, रडत आणि हसत. "थोडं थोडं घालायचं. वाट लांबची आहे."

पुढचं सगळं भरभर झालं. बरणीतून भांड्यात, भांड्यातून पिंपात. मग एका शनिवारी वहिनीने काथवट खरवडून घेतली, भट्टीत लाकडं रचली आणि काडी सिस्टरच्या हातात दिली. दुपारपर्यंत घड्याळजीने आधी कोट काढला, मग बाह्या वर केल्या, मग खुर्ची फिरवून घेतली आणि बराच वेळ तळहात भिंतीवर टेकून बसून राहिला. गिऱ्हाईक आलं तर म्हणाला, "जरा थांबा, कामात आहे."

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजावर, पांढऱ्या कापडाखाली, वहिनीच्या हातची पहिली पावरोटी होती. दादा गेल्यापासून पाळकसाहेब दुकानातला पाव आणून चालवून घेत होते. त्यांनी कापड दूर केलं, पाव उचलला, आणि तो मोडला तेव्हा त्याची कवची कुरकुरली ती शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आली. वहिनी रांगेत सिस्टरच्या पुढे होती. किती महिन्यांनी ती त्या मेजाजवळ येत होती. पाळकसाहेबांनी तिच्या हातावर तुकडा ठेवला.

सिस्टरने आपला तुकडा तोंडात घातला. अठराव्या वर्षी ती घर सोडून नर्सिंगला गेली होती, आणि या पावाची चव आपण विसरलो असं तिला वाटत होतं. जीभ काही विसरलेली नव्हती. किंचित आंबट, नंतर गोड, शेवटी नुसती ऊब. इतके रविवार तिने हा तुकडा घेतला होता, 'हे माझं शरीर, तुझ्यासाठी मोडलंय' हे प्रभूचे शब्द ऐकले होते, आणि ते खरोखर तिला उद्देशून आहेत हे आज पहिल्यांदा तिला कळत होतं. ती रांगेत अडून उभी राहिली. मागच्याने खाकरून घेतलं, तेव्हा कुठे हलली.

उपासना संपली. दोघी बाहेर पडल्या, फाटकापाशी आल्या. रोज इथे हात लावून मागे फिरायचं. वहिनी थांबली. तिने पोटावर हात ठेवला आणि काहीतरी ऐकू येत असल्यासारखी मान कलती केली. चेहऱ्यावर एवढं आश्चर्य होतं की सिस्टर घाबरली.

"काय होतंय गं? दुखतंय?"

"नाही." वहिनी तिच्याकडे वळली. "वन्सं, मला भूक लागलीय."

सिस्टर आयुष्यभर खाटेखाटेपाशी हा प्रश्न विचारत हिंडली होती. त्याचं उत्तर इतकं मोठं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने वहिनीचा हात घट्ट धरला आणि दोघी घराकडे निघाल्या, रोजच्यापेक्षा जरा भरभर.